लाइनीतली हवा

"आधी वजन," सिस्टर म्हणायच्या.

माणसाला म्हणाल्या असत्या तर मी कशाला लिहीत बसलो असतो! त्या माझ्या कॉम्प्युटरला म्हणायच्या. दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला खालच्या मजल्यावरून बाथरूममधला वजनकाटा डाव्या काखेत मारून त्या वर यायच्या, काटा माझ्या खोलीच्या मधोमध ठेवायच्या आणि बाजूला सरकायच्या. मग मी सगळ्या वायरी काढायच्या, ते धूड छातीशी धरून उचलायचं आणि काट्यावर ठेवायचं. त्या चष्मा पुसून वाकायच्या. "सतरा किलो आठशे. मागच्या रविवारी पण सतरा आठशे. शहाणं लेकरू हाय." माझ्याबद्दल असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. मी कंबर धरून बसलो की म्हणायच्या, "तुझं वजन मी इचारलंच नाय. सांगू पण नको."

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची गरज कुणालाच पडायची नाही. आयुष्यभर त्यांनी एका दवाखान्याच्या डायलिसिस विभागात काम केलं होतं. ज्यांच्या किडन्या थकल्या त्यांचं रक्त नळीतून बाहेर घ्यायचं, मशीनमधून स्वच्छ करायचं आणि परत अंगात सोडायचं. तिथं पेशंट आला की आधी वजन आणि निघाला की पुन्हा वजन, म्हणजे अंगात किती पाणी साठलं होतं आणि किती निघालं ते कळतं. निवृत्त झाल्यावर ही सवय सुटायला हवी होती. सुटली नाही, कारण त्यांना माझ्याकडं पेशंट सापडला.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओचा. लोक शूटिंग करून आणतात, मी घरी बसून कापाकापी करतो, गाणी लावतो आणि रडणाऱ्या मामाला दोनदा रडवतो. आमच्याकडं लग्नं उन्हाळ्यात आणि उन्हाळ्यात माझी खोली म्हणजे तवा. नवरी हार घालायला हात वर करायची आणि कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. शेवटी एका दुकानदाराला हाताशी धरून मी पाण्यावर थंड होणारं मशीन बांधलं. त्यात विशेष काही नाही. सगळ्यात जास्त तापणाऱ्या प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवायचा, पंपानं त्यातून पाणी फिरवायचं, ते गरम झालेलं पाणी पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये निवू द्यायचं आणि एका छोट्या टाकीतून पुन्हा पंपाकडं आणायचं. गाडीचं इंजिन थंड ठेवतात तसंच. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गावात माणसाला पाणी मिळंना आन् हा मशीनला पाजतोय."

मशीन चाललं, पण पोटात गुडगुड आवाज यायचा. दुकानदार म्हणाला, तो येतोच. सिस्टर त्या दिवशी आईचा डबा परत द्यायला वर आल्या होत्या. तोवर त्यांची आणि माझी ओळख जिन्यात सरकून वाट देण्यापुरती. त्या दारातच थबकल्या, मान वाकडी करून ऐकू लागल्या आणि सरळ माझ्या खोलीत शिरल्या.

"याच्या लाइनीत हवा हाय."

"सिस्टर, हा कॉम्प्युटर आहे."

"आसंल. मला काय करायचं? नळीतनं पाणी चाललंय ना? पंप हाय ना? मग हवा नको. हवा लई वाईट. माणसाच्या नळीत गेली तर माणूस जातो, तुझं तर डबडं हाय."

त्यांनी मला कॉम्प्युटरचं कॅबिनेट डावीकडं तिरपं धरायला लावलं, मग उजवीकडं, मग जवळजवळ पालथं. नळीवर बोटानं टिचक्या मारल्या, रेडिएटरला थोपटलं. टाकीत भसाभस बुडबुडे आले आणि गुडगुड थांबली. दहा मिनिटं लागली असतील. हात झटकून त्या म्हणाल्या, "वरचं ते दिव्याबिव्यांचं तू बघ. पाण्याचं खातं माझ्याकडं." मी हो म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांना कॉम्प्युटर चालू कसा करतात हेसुद्धा माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, "हे एवढं सगळं करून शेवटी करतं काय?" मी एका लग्नातली हळद दाखवली. दोन मिनिटं बघून म्हणाल्या, "एवढ्यासाठी एवढं?" आणि पुन्हा रेडिएटरवरची धूळ ब्रशनं झाडायला लागल्या. त्या धुळीला त्या छातीतला कफ म्हणायच्या.

पण पाण्याच्या खात्यात त्यांचा शब्द शेवटचा. थंड पाणी नेणाऱ्या नळ्यांना निळी चिकटपट्टी, गरम आणणाऱ्यांना लाल. पाणी बॅटरीच्या दुकानातलं, सीलबंद डिस्टिल्ड, आणि कॅन उघडायच्या आधी मी हात साबणानं धुवायचे, कोपरापर्यंत. जोड उघडला की नंतर चोवीस तास ऑब्झर्वेशन: नुसता पंप चालू, बाकी सगळं बंद, प्रत्येक जोडाखाली गॉजचा तुकडा. सकाळी येऊन त्या एकेक तुकडा गालाला लावून बघायच्या, ओल कळावी म्हणून. कॅबिनेटच्या पाठीवर तक्ता चिकटवला होता. तारीख, वजन, पाण्याचा रंग, पंपाचा आवाज, तक्रार. तक्रारीच्या रकान्यात एकदा लिहिलं होतं, "पेशंटची नाही. मालक चिडचिडा."

पंपाचा आवाज त्या स्टेथोस्कोपनं ऐकायच्या. खोटं नाही सांगत. एका रविवारी चितेगावचे एक काका पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला आले. खोलीत पांढरा कोट घातलेली बाई, कानाला स्टेथोस्कोप, त्याचं दुसरं टोक कॉम्प्युटरच्या बरगडीला. काका चपला काढून भिंतीशी गप उभे राहिले. बऱ्याच वेळानं हळू आवाजात म्हणाले, "सिरियस हाय का?"

सिस्टरांनी मान वर केली नाही. "सिरियस नाय. पण भेटायची वेळ चार ते सहा."

काका खरोखरच चार वाजता परत आले. येताना दोन नारळ घेऊन.

आता त्या पांढऱ्या कोटाबद्दल. निवृत्तीनंतरही त्या कोट घालून का यायच्या हे मला आईनं सांगितलं. कोटाला खिसा होता आणि उजवा हात त्यात राहायचा. डायलिसिसची सुई जाड असते, साध्या सुईच्या दुप्पट-तिप्पट, आणि ती शिरेत एका झटक्यात बरोबर बसावी लागते. पेशंट सिस्टरांची ड्यूटी कधी आहे ते विचारून यायचे. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. त्यांना सुईवरून काढून रजिस्टरवर बसवलं आणि वर्षभरात त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. माझ्याकडं मात्र तो हात अजून कामावर होता. टिचक्या मारायला, थोपटायला, ब्रश फिरवायला थरथर आड येत नाही. बारीक स्क्रू असले की त्या रुबाबात म्हणायच्या, "तू लाव, मी बघते," आणि मी समजायचो की साहेबीण आहेत. त्यांच्या हाताला जगात एवढंच काम उरलं होतं आणि ते जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. हे मला आईनं सांगितल्यावर कळलं होतं. कळूनसुद्धा पुढं मी जे केलं ते केलंच.

पण ते नंतर. आधी मीठ.

एका रविवारी मला खुमखुमी आली. त्या वाकून काटा वाचत असताना मी मागून पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर टेकवला.

"अठरा किलो चारशे!" सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या. "सहाशे ग्रॅम! आठ दिवसांत? काय पाजलंस रे याला?"

मी निरागस चेहरा केला. त्यांनी टाकी बघितली, नळ्या बघितल्या, रेडिएटर बघितला, तक्त्याची मागची पानं काढली. बाईंच्या कपाळावर घाम आला. मला मजा वाटत होती आणि थोडी लाजही, पण मजा जास्त. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईनं घात केला. "सिस्टर, त्याचा पाय बघा."

सिस्टरांनी पाय बघितला. वजन लिहिलं, काटा काखेत मारला आणि जाता जाता आईजवळ थांबून अगदी गंभीर आवाजात म्हणाल्या, "ताई, याचं तोंड सुजल्यासारखं वाटू लागलं मला. काळजीचं काय नाय. पण आठ दिवस मीठ बंद ठेवा. लोणचं, पापड, ठेचा, काय काय देऊ नका."

माझ्या आईचा डॉक्टरांवर विश्वास नाही, पण नर्सवर आहे. आठ दिवस मी अळणी वरण आणि अळणी भाजी खाल्ली. हॉटेलात जाऊन खावं म्हटलं तर बाहेर पडताना आई पायरीवर बसलेली. पुढच्या रविवारी सिस्टर आल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाल्या, "आता बरं हाय. अंगठ्याची सूज उतरली."

आता ती चूक. ती आईनं केली आणि आमच्या गावातल्या आईशिवाय दुसऱ्या कुणाकडून ती झाली नसती. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरात सण असतो. आई पहाटेपासून पदर खोचून उभी. पिंप, बादल्या, हंडे, कळशी, कूलर, कुकर, फुलदाणी, जे जे म्हणून पाणी धरील ते ते भरलंच पाहिजे. भरायचं राहिलेलं भांडं दिसलं की तिला पाप केल्यासारखं वाटतं. अशाच एका दिवशी मी बाहेर गेलो होतो. सगळं भरून झालं आणि आईची नजर माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या टाकीवर गेली. टाकी बोटभर रिकामी होती. झाकण कसं उघडतं हे तिनं सिस्टरांना करताना बघितलं होतं.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं तिला वाटलंच नव्हतं. तेवढं पाणी बाथरूमच्या काट्यालाही कळलं नाही.

तीन आठवड्यांनी पाणी गढूळ दिसायला लागलं, मग हिरवट. मशीन तापायला लागलं. ऐन हंगामात, नवरीकडचे दिवसातून चार फोन करत असताना, ते पुन्हा हार घालायच्या क्षणी बंद पडलं. रविवारी सिस्टरांनी काटा बाजूला ठेवला, टाकीमागं बॅटरी धरून पाणी बघितलं आणि माझ्याकडं वळल्या. "कुणी काय पाजलं?"

"मी नाही. आईशप्पथ."

"आईचीच शप्पथ घेऊ लागला," आई दारातून म्हणाली. "मी भरलं. वाटीभरच. नळ आला होता. घरातलं सगळं भरलं, त्याला एकट्याला कसं तसंच ठेवू?"

सिस्टरांचा चेहरा लाल. "ताई, आमच्याकडं नळाच्या पाण्याला दाराच्या आत घेत नव्हते! चार-चार गाळण्यांतनं जायचं ते, तेव्हा पेशंटजवळ यायचं. आन् तुम्ही वाटीनं?"

आईलाही राग आला. "आम्ही पितोच की तेच. आम्हाला कुठं शेवाळ धरलं?"

सिस्टरांना हसूच फुटलं. काट्यावर बसून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काट्यानं त्यांचं वजन दाखवलं, तर मला म्हणाल्या, "बघू नको तिकडं."

मशीन पूर्ण उघडायचं ठरलं. रविवारचा सगळा दिवस त्यात गेला. नळ्या काढल्या, रेडिएटर धुतला, तांब्याच्या ठोकळ्याच्या आतल्या केसासारख्या बारीक खाचा शेवाळानं भरल्या होत्या, त्या सिस्टरांनी दात घासायच्या ब्रशानं एकेक करून साफ केल्या. गाणं गुणगुणत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं. चार वाजता ठोकळा परत प्रोसेसरवर बसवायची वेळ आली. तो चार बारीक स्क्रूंनी बसतो आणि ते समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्यावे लागतात, नाहीतर एका बाजूला दाब पडतो. तेवढ्यात कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन आलं म्हणून मी दाराशी गेलो.

परत आलो तर सिस्टरांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं होतं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक तांब्यावर टक टक टक वाजत होतं. स्क्रू आत पडला. त्यांनी तो चिमट्यानं काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. मी दारात उभा राहिलो. मी तिथंच उभं राहायला हवं होतं, नाहीतर आणखी दहा मिनिटं त्या पेनड्राइव्हवाल्याशी गप्पा मारायला हव्या होत्या. पण मी पुढं झालो आणि त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. खूप प्रेमानं घेतला, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

"राहू द्या सिस्टर. मी लावतो."

त्यांनी देऊन टाकला. मी चारही स्क्रू आवळेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग कोटाच्या खिशात हात घालून म्हणाल्या, "आमच्याकडं एक मास्तर यायचे. आठ वर्षं माझ्याच हातानं सुई घेतली त्यांनी. एक दिवस तीनदा चुकली. वरडले असते तर बरं झालं असतं. हात मागं घेतला त्यांनी आन् म्हणले, राहू द्या सिस्टर, दमला असाल."

मी स्क्रूकडंच बघत होतो.

"तवापासनं मी सुई धरली नाय," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. काटा माझ्याच खोलीत राहिला.

पुढच्या रविवारी नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी खाली गेलो तर म्हणाल्या गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते. तिसऱ्या रविवारी मी गेलोच नाही. मला तोंड नव्हतं. उन्हाळा संपता संपता त्या बिडकीनला भावाकडं राहायला गेल्या. मी बाहेर गेलेलो असताना सामान गेलं. आईजवळ एक कागद ठेवला होता, थरथरत्या अक्षरांत: "दर वर्षी पाणी बदलणे. धूळ महिन्याला. ताईंना टाकीपासून दूर ठेवणे."

आईनं तो कागद तीनदा वाचून घेतला आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीला हसली. मला हसू आलं नाही.

वर्ष गेलं. पाणी बदलायची वेळ आली. आई रोज टोचायची, "जाऊन ये की बिडकीनला. तोंड शिवून बसलास." पण जाऊन म्हणायचं काय? माफी मागायची तर तुमचा हात चालत नाही हे पुन्हा एकदा तोंडावर सांगायचं. मी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी चावटपणा करायचं ठरवलं, कारण मला तेवढंच येतं. पाणी बदललं. मग टाकीतलं पाणी मुद्दाम कमी करून पंप चालू केला आणि त्याला रेडिएटरभर हवा ओढू दिली. त्यानंतर टाकी वरपर्यंत भरली. आई बॅटरी धरून उभी होती. पोटात असली गुडगुड सुरू झाली की शेजारच्यांना ऐकू जावी. कॅबिनेट मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि पैठण रोडला लागलो.

दार भावजयीनं उघडलं. माझ्या हातातलं धूड बघून ती बाजूला झाली. "आक्का आत हायत. पण कुणासमोर येत नाहीत आता. चहा पण एकट्या घेतात."

सिस्टर खिडकीजवळ बसल्या होत्या, वाळलेल्या, दोन्ही हात पदराखाली. कोट नव्हता. मी मशीन टेबलावर ठेवलं.

"हे कामून आणलं?"

"हवा निघत नाही."

मी वायर लावली, पंप चालू केला. गुडगुड. त्यांची मान आपोआप वाकडी झाली. "किती दिवस झाले?"

"आठ."

"तिरपं केलं?"

"केलं."

"टिचक्या?"

"बोटं सुजली मारून मारून." "माझा हात पडला स्थिर, सिस्टर. त्यानं नाही निघत ती. हलणारा हात पाहिजे. आमच्या घरात कुणाचा नाही."

मागं भावजयीच्या हातातले कप किणकिणले. मला वाटलं, संपलं, आता चपला घालायच्या. सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या.

"काय म्हणलास?"

"हलणारा पाहिजे म्हटलं."

"हलकट," त्या म्हणाल्या.

आणि पदराखालचा हात बाहेर काढला. तो आता कोपरापासून हलत होता. दुसऱ्या हातानं त्यांनी तो धरला नाही. तसाच पुढं आणला आणि रेडिएटरवर टेकवला. पत्रा टर्र वाजायला लागला. मी कॅबिनेट तिरपं धरलं. आधी काहीच झालं नाही. मग टाकीत एक बुडबुडा आला, मग दोन, मग सोड्याची बाटली उघडावी तशी रांगच लागली. "बघ गं!" सिस्टर भावजयीला ओरडल्या. "निघाली बघ! बघ कशी निघू लागली!" भावजय कप हातात घेऊन रडत होती आणि चहा बशीत सांडत होता. गुडगुड थांबली, बुडबुडे थांबले. सिस्टरांनी हात काढला नाही. मीही कॅबिनेट सरळ केलं नाही. कंबर मोडली माझी, पण नाही केलं.

नंतर आम्ही तिघांनी एकत्र चहा घेतला. सिस्टरांचा अर्धा साडीवर गेला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि आणखी अर्धा कप मागितला.

निघताना मी मशीन उचललं तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "एवढी हवा आपोआप जात नाय राजा. भरावी लागते."

"आईनं बॅटरी धरली होती."

"तरीच." मग म्हणाल्या, "पुढच्या साली जरा कमी भर. खांदा दुखला माझा."

पुढच्या साली मी कमी भरली. त्यांचा हात तोवर इतका हलत होता की दोन मिनिटांत मशीन मोकळं झालं आणि त्या माझ्यावरच चिडल्या. एवढ्यासाठी एवढ्या लांबून आलास का, आणखी थोडी भरून आणायला काय झालं होतं! त्याच्या पुढच्या साली मी भरपूर भरली. आम्हाला पाऊण तास लागला. भावजयीनं मधेच जेवायला वाढलं.

या वर्षी होळीनंतर सिस्टर गेल्या. झोपेतच. फोन भावजयीनं केला होता.

काल पाणी बदलायचा दिवस होता. मी जुनं काढलं, हात कोपरापर्यंत धुतले, नवं भरलं आणि पंप चालू केला. मुद्दाम हवा भरली नव्हती, कुणासाठी भरायची? जी थोडी आत राहिली होती ती कॅबिनेट एकदा तिरपं केल्याबरोबर निघून गेली. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का रे?"

"झालं."

"एवढ्यात?"

मशीन अगदी गप चाललं होतं. मला ते मुळीच आवडलं नाही.